शंभराव्या दिवसानंतर काय?

रानात तग धरून राहायच्या व्हिडिओ गेममध्ये एक अडचण मुळातच असते. खेळणाऱ्याला जगण्याची युक्ती नीट जमली की खेळाची हवाच निघून जाते. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस जीव मुठीत धरून काढलेले असतात. काडेपेटीतल्या काड्या मोजलेल्या असतात, लांडग्याच्या आवाजाने पाय लटपटलेले असतात. मग एके दिवशी दिसतं की दाराबाहेर बर्फात पंधरवडा पुरेल एवढं मांस आहे, सरपणाचा ढीग रचलाय, अंगावर कातड्याचा कोट आहे. मरायचं कारण उरलेलं नाही, आणि सकाळी उठून काय करायचं तेही कळत नाही. तिथून पुढचे दोनशे, पाचशे, हजार दिवस खेळ रंगता कसा ठेवायचा, यावर गेम बनवणारे आणि खेळणारे दोघेही बरीच वर्षं डोकं खाजवताहेत. त्या खटाटोपाचा हा आढावा. मध्यभागी ठेवलाय 'द लाँग डार्क', कारण या प्रश्नाशी एवढ्या चिवटपणे झुंजलेला दुसरा खेळ नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर बेटावर हिंटरलँड नावाचा एक छोटा स्टुडिओ आहे. राफाएल व्हॅन लिअरॉप हा त्याचा संस्थापक. 'फार क्राय ३'सारख्या मोठ्या बजेटच्या खेळांवर काम करून झाल्यावर त्याने तो धंदा सोडला, २०१२मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि पुढच्याच वर्षी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले. सप्टेंबर २०१४मध्ये खेळ अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला, तोही फक्त 'सर्व्हायव्हल' हा भाग घेऊन. कथेचे पहिले दोन अंक ऑगस्ट २०१७मध्ये आले. तोवर लोकांनी कथेवाचून तीन वर्षं खेळून काढली होती. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण त्या तीन वर्षांत खेळाचा स्वभाव ठरून गेला. जिंकणं नाही, शेवट नाही, फक्त किती दिवस तगलात त्याचा आकडा. मेलात की सेव्ह फाइल पुसली जायची.

प्रसंग साधा आहे. भूचुंबकीय वादळाने वीज आणि यंत्रं बंद पडली आहेत आणि तुम्ही ग्रेट बेअर या काल्पनिक कॅनडियन बेटावर एकटे आहात. झॉम्बी नाहीत, डाकू नाहीत. थंडी, थकवा, तहान आणि भूक हे चार शत्रू, शिवाय लांडगे, अस्वलं आणि वारा. अवघडपणाच्या पातळ्या आहेत. पिलग्रिममध्ये लांडगाच तुम्हाला पाहून पळतो, मग व्हॉयेजर, मग स्टॉकर. २०१६मध्ये इंटरलोपर आली, आणि मुरलेल्या खेळाडूंच्या बहुतेक गप्पा त्याच पातळीच्या असतात. त्याहून छळणारी 'मिझरी' पुढे आली. तिच्या वाटेला न गेलेलंच बरं.

इंटरलोपरमध्ये खेळाचा पूर्वार्ध किती घट्ट बांधलाय ते एका धनुष्यावरून कळतं. बेटावर एकही बंदूक नाही. चाकू आणि कुऱ्हाडसुद्धा आयते मिळत नाहीत, ते भट्टीवर ठोकून घ्यावे लागतात, आणि ठोकायला जड हातोडा लागतो. तो ठरावीक काही जागांपैकी कुठेतरी पडलेला असतो. कुठे, ते दर रनला, म्हणजे नव्याने सुरू केलेल्या प्रत्येक डावाला, बदलतं. हातोडा सापडला की भट्टी. एक भट्टी फोर्लोर्न मस्केग नावाच्या गोठलेल्या दलदलीत, स्पेन्स कुटुंबाच्या पडक्या घरात आहे. वाटेत पातळ बर्फ. पाय चुकला तर पाण्यात, आणि ओल्या कपड्यांनी मस्केगच्या वाऱ्यात सापडलेला माणूस फार लांब जात नाही. भट्टीला १५० अंशांच्या वर आच हवी. त्यासाठी गुहांमधून कोळसा वेचून पाठीवर वाहून आणायचा. प्रत्येक किलोगणिक चाल मंदावते. भंगाराच्या पत्र्यातून बाणांची टोकं निघतात. बाणाच्या काडीला बर्चचं रोपटं, धनुष्याला मेपलचं. दोन्ही तोडून आणून घरात जमिनीवर वाळत ठेवायची, शेजारी हरणाच्या आतड्याच्या वाद्या. पिसं हवीत तर कावळे घिरट्या घालताहेत तिथे जायचं, आणि कावळे जिथे असतात तिथे बहुधा मढं असतं.

यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या जागी, प्रत्येकीला वेळ वेगळा, आणि सगळी जुळवाजुळव होईपर्यंत पोटात काही ना काही ढकलायचं आहेच. पहिलं धनुष्य हातात येतं त्या दिवशी खेळणाऱ्याला जे वाटतं ते हजार दिवसांच्या रनमध्ये पुन्हा वाट्याला येत नाही. खेळातली सर्वांत उत्तम वस्तू विसाव्या-पंचविसाव्या दिवशीच मिळून जाते, आणि नेमकी तिथेच गोची आहे.

कारण धनुष्यानंतर सगळं सोपं होत जातं. एक अस्वल पाडलं की कित्येक दिवसांची ददात मिटते. मांस बाहेर थंडीत ठेवलं की टिकतं. स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पातळीला पोचलं की लांडग्या-अस्वलाच्या मांसातून होणाऱ्या जंतांची भीतीसुद्धा जाते. सुरुवातीला जे मांस हुंगूनही पाहावंसं वाटत नव्हतं तेच आता रोजचं जेवण. बर्फाला भोक पाडून मासे मिळतात, माशांपासून कंदिलाचं तेल मिळतं. बर्चच्या सालीचा चहा संपत नाही. काड्या संपल्या तर भिंग आहे, फक्त ऊन हवं. शंभराव्या दिवसाच्या आसपास कसलेला खेळाडू उपासमारीने मरत नाही, थंडीनेही मरत नाही. मेलाच तर घाईने किंवा कंटाळ्याने मरतो. धुक्यात 'एवढंसंच तर जायचंय' म्हणून निघतो, थकलेला असताना दोराने कडा चढायला घेतो, लांडगा दिसतोय तरी वाट वाकडी करत नाही. दीर्घ रनच्या मृत्यूंच्या कहाण्या ऐकल्या तर त्यांत उपाशीपोटी गेलेला क्वचितच भेटतो.

'सिव्हिलायझेशन ४'चा रचनाकार सोरेन जॉन्सन याने मांडलेला एक विचार या धंद्यात वारंवार सांगितला जातो: सवड मिळाली की खेळणारे खेळातली मजाच काटकसरीत काढून टाकतात. 'द लाँग डार्क'चा इतिहास म्हणजे याचं चालतं-बोलतं उदाहरण. हिंटरलँडने एक दार लावायचं आणि खेळणाऱ्यांनी खिडकी उघडायची.

उपाशी राहण्याची युक्ती घ्या. कोणीतरी हिशोब मांडला की भुकेने प्रकृती हळूहळू खालावते, पण झोपेत ती त्याहून वेगाने भरून निघते, फक्त झोपताना पोट रिकामं नको. मग दिवसभर उपाशी हिंडायचं आणि रात्री झोपण्यापुरतं खायचं. अन्न निम्म्याहून कमी लागतं. काहींनी याला कसब म्हटलं, काहींनी लबाडी. आपल्याला काय, एकादशीचं कौतुक आहेच. पण रोजच एकादशी म्हटल्यावर शिकारीला कोण जाणार? हिंटरलँडने यावर शिक्षा केली नाही, बक्षीस ठेवलं. तीन दिवस पोट रिकामं पडू दिलं नाही की 'वेल फेड' अवस्था लागते, पाच किलो ओझं जास्त उचलता येतं आणि प्रकृतीची कमाल मर्यादाही थोडी वाढते. ज्या खेळात दर किलोसाठी जीव जळतो, तिथे पाच किलो म्हणजे पुष्कळ. लोक पुन्हा जेवू लागले, शिकारीला जाऊ लागले. खेळाच्या सगळ्या दुरुस्त्यांत मला ही सर्वांत शहाणपणाची वाटते.

घरात बसून राहणाऱ्यांसाठी आणलेला 'केबिन फीव्हर' मात्र अर्धाच लागू पडला. सलग फार काळ चार भिंतींत काढला तर माणसाला घरात झोपच लागत नाही, काही वेळ बाहेर काढावा लागतो. कल्पना चांगली होती. पण गुहेचं तोंड आणि बंद पडलेली मोटार खेळाच्या लेखी 'बाहेर'च मोडतात, हे लगेच ध्यानात आलं. मग मंडळींनी मुक्काम गुहेत हलवला आणि तिथे तशीच झोपून राहू लागली. बसण्याची जागा तेवढी बदलली.

खरी धार आहे ती न भरून येणाऱ्या गोष्टींमध्ये. घरांतली लूट एकदाच मिळते, कपाट एकदा उघडलं की कायमचं रिकामं. वाटेवरचे गुलाबाचे फळगुच्छ, औषधी बुरशी, झाडावरचं दगडफूल एकदा तोडलं की पुन्हा उगवत नाही. काड्या संपतात, धार लावायचे दगड झिजतात. त्यात इंटरलोपरमध्ये पहिल्या पन्नासेक दिवसांत बेटाचं तापमान उतरत जातं आणि मारलेल्या जनावरांची जागा भरायला जास्त दिवस लागायला लागतात. थोडक्यात, घर बांधून बसलात तर आजूबाजूचा मुलूख तुम्ही हळूहळू खाऊन टाकता आणि मग उठावंच लागतं. माझ्या मते दीर्घ रनमध्ये जो काही अर्थ उरतो तो या टंचाईमुळेच. दोनशेव्या दिवशी उरलेल्या अकरा काड्यांकडे पाहून 'ही आज वापरू की ढग हटायची वाट पाहू' असं मनात येतं, तोवर खेळ जिवंत आहे.

गंमत म्हणजे हिंटरलँडने स्वतःच ही धार जागोजागी बोथट केली. समुद्रकाठी लाटांबरोबर चीजवस्तू वाहून येऊ लागल्या, गुहांत कोळसा पुन्हा दिसू लागला. हजार दिवसवाल्यांसाठी ते गरजेचंही होतं, नाहीतर कोणाचंच बेट टिकलं नसतं. पण त्यामुळे किनाऱ्यावर घर करून कायमचं राहणं हा सर्वांत किफायतशीर मार्ग झाला, आणि सर्वांत कंटाळवाणाही तोच. रोज सकाळी किनारा पालथा घालायचा, मासे मारायचे, पाणी उकळायचं, झोपायचं. आकडा वाढत राहतो. असे रन लोक करतात आणि त्यांच्या चिकाटीला मी नाव ठेवणार नाही, पण त्याला खेळणं म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरा उपाय म्हणजे नवा मुलूख. मिस्टरी लेक या प्रदेशापासून सुरू झालेलं बेट वाढत गेलं. हश्ड रिव्हर व्हॅली आली, जिथे एकही घर नाही, आसरा म्हणजे फक्त गुहा आणि बर्फाचा आडोसा. ॲश कॅनियन आलं, झुलते पूल आणि दोर पार करून गेलात तर मोठी पाठपिशवी मिळते. डिसेंबर २०२२पासून 'टेल्स फ्रॉम द फार टेरिटरी' ही पैसे मोजून घ्यायची भर हप्त्याहप्त्याने आली, आणि तिच्यात नुसते प्रदेशच नव्हते, शोधायला धागेदोरेही होते. यांतली हश्ड रिव्हर व्हॅली मला फार आवडते, कारण ती खेळाडूची सगळी साठवलेली सुरक्षितता दारातच काढून घेते. बाकी बऱ्याच प्रदेशांचं सामर्थ्य पहिल्या फेरीपुरतंच. एकदा पाहून झाला की तोही एक कपाट उघडल्यासारखा, मोकळा होऊन जातो. नवा मुलूख कंटाळा पुढे ढकलतो, घालवत नाही.

आणि मग तो डोंगरी चित्ता, कूगर. दीर्घ रनसाठी मुद्दाम आणलेला शत्रू. एका प्रदेशात फार दिवस मुक्काम ठेवलात की तो तुमच्या मागावर येतो. हेतू अगदी बरोबर, बसलेल्याला उठवायचं. डिसेंबर २०२३मध्ये तो आला तेव्हा मात्र खेळाडू वैतागले. हल्ला आधी कळायचा नाही, टाळता यायचा नाही, आणि सावधपणाचं मोल राहायचं नाही. स्टुडिओने त्याला मागे घेतलं आणि पुन्हा घडवून आणलं. आता तो खुणा सोडतो आणि त्याच्याशी समोरासमोर गाठ पडते. इथे एक धडा दडलाय. दोनशे दिवस काळजीने जगलेला माणूस मरायला तयार असतो, पण चूक स्वतःची हवी. नुसत्या योगायोगाने मेला तर तो नवा रन सुरू करत नाही, दुसरा खेळ सुरू करतो.

बाकीच्या खेळांनी काय केलं? क्ली कंपनीच्या 'डोन्ट स्टार्व्ह'ने (२०१३) ऋतू आणि वाढतं संकट पत्करलं. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्या दिवसांबरोबर मोठ्या होतात आणि थंडीत एक डोळा असलेला राक्षस येतो. वेळापत्रक पाठ होईपर्यंत थरार, मग तयारी. 'व्हॅलहाइम'ने शिडी लावली: हा प्रदेश, हा राक्षस, त्यातून पुढचं हत्यार. शिडी संपली की खेळ संपला आणि लोक लाकडी वाडे बांधत बसतात. 'सबनॉटिका'ने सरळ शेवट दिला, रॉकेट बांधा आणि ग्रह सोडा. तग धरण्याच्या खेळाला शेवट असावा की नसावा यावर वाद घालणाऱ्यांनी 'सबनॉटिका' संपवून पाहावा. मला तरी तो निरोप फार नेटका वाटतो.

'रिमवर्ल्ड' काटेकोरपणे रानातला खेळ नाही, पण त्याची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी. तिथे वस्तीची श्रीमंती वाढली की हल्लेही वाढतात, म्हणजे यशाबरोबर संकट आपोआप मोठं होतं. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात अनेक खेळाडू मुद्दाम गरीब राहू लागले, चांगलं सामान जाळू लागले, सोन्याचे पुतळे टाळू लागले. आयकर चुकवण्याची मानवी बुद्धी गेममध्येही तशीच चालते.

आणि एक म्हातारा: फिनलंडचा 'अनरिअल वर्ल्ड'. सामी मारानेन याने १९९२मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि आजही त्यात भर घालतोय. लोहयुगातलं फिनिश अरण्य, चित्रं साधी, पण सापळे, मासेमारी, मांस वाळवणं, लाकडी घर उभारणं यांचे तपशील अफाट. तोही शेवट देत नाही आणि तिथेही तिसऱ्या हिवाळ्यात माणूस सुखवस्तू होतो. तरी त्याचे निष्ठावंत खेळाडू वर्षानुवर्षं टिकून आहेत, ते बहुधा एका कारणाने: ते खेळात ध्येय शोधत नाहीत, स्वतःचं ध्येय घेऊन येतात. यंदा एका जमातीचा माणूस होऊन फक्त सापळ्यांवर जगायचं, किंवा उत्तम कुऱ्हाडीसाठी वर्षभर कातडी साठवायची आणि गावोगाव विचारत फिरायचं.

'द लाँग डार्क'चे जुने खेळाडूही शेवटी याच वाटेने गेलेत. खेळ बनवणाऱ्यांनी दिलेल्या उपायांपेक्षा खेळणाऱ्यांनी स्वतःवर घातलेले नियम मला जास्त कल्पक वाटतात. काहीजण कधीच घरात झोपत नाहीत. काही डब्यातलं अन्न शिवत नाहीत, मारलेलं आणि तोडलेलं तेवढंच खातात. कोणी ठरवतं की एका प्रदेशात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. 'नोमॅड' या आव्हानाचा मूळ साचा असाच आहे, तिथे नेमून दिलेल्या जागी तीन-तीन दिवस मुक्काम करत जायचं असतं. कोणी 'कस्टम' सेटिंगमध्ये जाऊन प्रकृती भरून येणंच बंद करतात, म्हणजे प्रत्येक ओरखडा कायमचा. असे रन फार दिवस चालत नाहीत, पण त्यातला प्रत्येक दिवस पहिल्या दिवसासारखा असतो.

काहींचे छंद सौम्य आहेत. विझलेल्या शेकोटीतला कोळसा घेऊन उंच जागी चढायचं आणि भोवतालचा नकाशा रेखाटायचा, असं करत अख्खं बेट कागदावर आणायचं. हे काम सक्तीचं नाही, त्यातून पोटाला काही मिळत नाही, आणि म्हणूनच ते चांगलं आहे: उभं राहायला कडे, बघायला स्वच्छ हवा आणि जाळायला लाकूड, तिन्ही एकाच वेळी लागतं. कोणी प्रत्येक प्रदेशात एक ठाणं सज्ज करतं: सरपण, उकळलेलं पाणी, थोडं मांस, एक अंथरूण. पुढे वादळात सापडून तिथे पोचलं की चार महिन्यांपूर्वी आपणच आपल्याला जेवायला वाढून ठेवल्यासारखं होतं. घर मांडायची हौसही आहे. नंतरच्या एका अपडेटने सामान हलवायची, रचायची सोय दिल्यावर ती आणखी फोफावली.

या सगळ्यांत यशस्वी नियमांची एक ओळख आहे. जो नियम पायाला चाल देतो तो टिकतो. जो फक्त शिक्षा वाढवतो, म्हणजे थंडी आणखी, अन्न आणखी कमी, तो काही दिवस चटका देतो आणि मग पुन्हा तोच हिशोब जमतो. लांडगे दुप्पट केले तर तुम्ही दुप्पट सावध राहता, एवढंच. पण 'या अमावास्येच्या आत टिम्बरवुल्फ पर्वताच्या माथ्यावर जाऊन यायचं' असं मनाशी ठरवलं की ओझं काय न्यायचं, वाटेत कुठे थांबायचं, वादळ आलं तर मागे फिरायचं का, हे सगळे प्रश्न पुन्हा ताजे होतात. खेळाकडे ते प्रश्न कायम असतात; घरात बसलेल्याला ते ऐकू येत नाहीत.

म्हणून कंटाळा आला की आधी नवा प्रदेश विकत घेऊ नका आणि पातळीही वाढवू नका. आधी घर सोडा. साठा तिथेच राहू द्या, पाठीवर मावेल तेवढं घ्या आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायला निघा. तरीही रस येत नसेल तर रन तिथेच थांबवण्यात काही कमीपणा नाही. तीनशे दिवस मजेत काढून सोडलेला रन हा हजारापर्यंत रेटलेल्या रनपेक्षा चांगलाच.

आणि ज्यांनी हा खेळ अजून सुरूच केलेला नाही त्यांच्यासाठी: व्हॉयेजर पातळीवर, मिस्टरी लेकपासून सुरुवात करा. इंटरनेटवर प्रत्येक प्रदेशाचे तपशीलवार नकाशे आहेत, कुठल्या कपाटात काय मिळू शकतं इथपर्यंत. पहिल्या रनमध्ये ते उघडू नका.